शोधणाऱ्यास सापडावे असे संकेतस्थळ

आपल्या वाचकांपैकी कोणी मराठी मंडळाचे चिटणीस आहेत, कोणी वाचनालय सांभाळतात, कोणी भगिनी घरी फराळाचे जिन्नस करून विकतात, तर कोणी गायनाचा वर्ग चालवितात. अशा मंडळींचा एक प्रश्न हल्ली वारंवार कानी येतो : ‘आम्ही पदरमोड करून संकेतस्थळ तयार करविले, परंतु गूगलवर शोधले असता ते कोठेच दिसत नाही. असे का व्हावे?’ प्रश्न साधा आहे, मात्र त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही. म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच वाहिले आहे.

हा प्रश्न केवळ व्यापाराचा नाही, हे आरंभीच सांगावयास हवे. पुण्यात वा साताऱ्यात मराठी पाटी पावलोपावली दिसते. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी आपल्या संस्था जुन्या वस्तीतील एखाद्या बोळात, पहिल्या मजल्यावर असतात. पूर्वी बदली होऊन आलेले कुटुंब शेजारी चौकशी करी, कीर्तनास वा गणेशोत्सवास जाई, आणि पंधरवड्यात त्यास मंडळाचा पत्ता लागे. आज नव्याने आलेले तरुण जोडपे प्रथम हातातील मोबाइलला विचारते. त्याने काही दाखविले नाही, तर त्यांच्यापुरती ती संस्था अस्तित्वातच नसते. सभासद घटत चालल्याची खंत आपण वार्षिक सभेत व्यक्त करतो. पण येऊ इच्छिणाऱ्यास आपले दारच दिसत नव्हते, ही गोष्ट इतिवृत्तात येत नाही.

सूची आणि शिफारस

शोधयंत्राचे काम समजून घेण्यास आपल्याच इतिहासातील एक उदाहरण उपयोगी पडेल. १९१० साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानातील ग्रंथालयांची घडी बसविण्यासाठी विल्यम ॲलन्सन बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. बोर्डेन १९१३ पर्यंत बडोद्यास होते. त्यांनी ग्रंथांच्या वर्गीकरणाची पद्धती घालून दिली व ग्रंथपालांच्या शिक्षणाची सोय केली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी धाडणारी फिरती ग्रंथालयेही याच चळवळीचा भाग होती. या साऱ्या खटाटोपाचे मर्म असे, की पुस्तक कपाटात असणे आणि ते वाचकास सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या दोहोंना जोडणारी कडी म्हणजे सूची.

शोधयंत्र हे महाजालाची सूची करणारे यंत्र आहे. त्याचा ‘क्रॉलर’ नावाचा कार्यक्रम एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर असा अखंड फिरत असतो. जे पान भेटेल त्यावरील शब्द तो नोंदवितो, आणि कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची प्रचंड सूची तयार होते. आपण शब्द टाकताच यंत्र साऱ्या महाजालात धावत सुटत नाही, तर आधीच तयार असलेली ही सूची चाळते.

परंतु एकाच शब्दाची लक्षावधी पाने असली तर पहिले कोणते दाखवावे? १९९८ मध्ये गूगलची स्थापना करणारे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी यावर काढलेली युक्ती आपल्याकडील वडीलधाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. लग्नासाठी स्थळ पाहताना आपण मुलाकडचे लोक स्वतःविषयी काय सांगतात यावर विसंबत नाही. इतर लोक काय म्हणतात हे पाहतो, आणि म्हणणारा कोण आहे हेही पाहतो. संकेतस्थळाचेही तसेच आहे. दुसऱ्या पानाने आपल्या पानाकडे दिलेला दुवा ही एक शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याची प्रतिष्ठा जितकी अधिक तितके तिचे वजन अधिक. पुढे या हिशेबात इतर पुष्कळ गोष्टींची भर पडली. तथापि सूची आणि शिफारस हे दोन खांब कायम आहेत. ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, अर्थात ‘एसईओ’, या भारदस्त नावाच्या विद्येचा पायाही एवढाच.

दिसते मराठी, पण आहे का?

आता आपल्या संस्थांची संकेतस्थळे उघडून पाहावीत. मुखपृष्ठावर कार्यक्रमाची छापील पत्रिका चित्र म्हणून डकविलेली असते. वाचनालयाची यादी कागदावरून छायाचित्रासारखी उतरवून पीडीएफ करून ठेवलेली असते. माणसाच्या डोळ्यांस ती अक्षरे दिसतात. यंत्रास मात्र ते एक चित्र असते. चित्रातील अक्षरे ओळखण्याची कला यंत्रांस अलीकडे बरीच साधली आहे, तरीही सूचीत आपली नोंद व्हावी म्हणून तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे. पत्रिका हौसेने अवश्य लावावी; पण तीतील वार, वेळ, स्थळ व विषय खाली अक्षरांत टंकून द्यावेत. प्रत्येक चित्राला ‘पर्यायी मजकूर’ जोडण्याची सोय असते. तेथे ‘चित्र १’ असे न लिहिता ‘कोजागरीच्या कार्यक्रमात गाणाऱ्या भगिनी’ असे लिहावे. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांना पान वाचून दाखविणारे यंत्रही हाच मजकूर उच्चारते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. छपाईपुरते ते ठीक होते. संगणकाच्या लेखी मात्र तो मजकूर रोमन अक्षरांचा अर्थहीन घोळका असतो. १९९१ मध्ये ‘युनिकोड’ या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा स्वतंत्र विभाग राखला गेला. तेथे ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, आणि जगातील कोणत्याही युनिकोड जाणणाऱ्या यंत्रावर तो ‘क’च राहतो. आपला मजकूर युनिकोडात आहे की नाही हे पाहण्याची परीक्षा घरच्या घरी होते. पानावरील एक ओळ उचलून गूगलच्या चौकटीत ठेवावी. ती मराठीच राहिली तर उत्तम. तिची रोमन अक्षरांची विचित्र रांगोळी झाली, तर आपले पान कोणत्याही मराठी शब्दाने सापडणार नाही हे निश्चित समजावे. जुना मजकूर युनिकोडात आणणारी परिवर्तक साधने मिळतात. मात्र त्यानंतर मुद्रिते तपासण्याच्या काळजीने तो पुन्हा वाचावा. रफार आणि जोडाक्षरे येथेच दगा देतात.

मजकूर कसा लिहावा

संकेतस्थळ म्हटले की आपली लेखणी एकदम स्वागतसमारंभाच्या भाषेत शिरते. ‘परंपरेचा सुगंध आणि मायेचा स्पर्श लाभलेल्या आमच्या दालनात आपले सहर्ष स्वागत असो.’ हे वाक्य गोड आहे. पण दालन कशाचे, ते कोठे आहे आणि केव्हा उघडते यांतील काहीही त्यातून कळत नाही. ते यंत्रास कळत नाही आणि माणसासही कळत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे : ‘वडोदऱ्यात दांडिया बाजार येथे घरी केलेल्या चकल्या, करंज्या, अनारसे व चिवडा मिळतो. दिवाळीची मागणी आठ दिवस आधी नोंदवावी. शहरात घरपोच, बाहेरगावी कुरियरने.’ यात अलंकार नाही, पण शोधणाऱ्याच्या मनातील चार प्रश्नांची उत्तरे आहेत.

लिहिण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि गिऱ्हाईक वा सभासद आपणांस दूरध्वनीवर जे प्रश्न विचारतात ते त्यांच्याच शब्दांत उतरून काढावेत. चकलीची भाजणी कशाची? तळण कोणत्या तेलातले? जिन्नस किती दिवस टिकतो? जैन कुटुंबासाठी कांदा-लसूण न घालता चिवडा मिळेल का? अन्नसुरक्षेची नोंदणी केलेली आहे काय? हेच प्रश्न लोक मोबाइललाही विचारतात. त्यांपैकी प्रत्येकाचे सरळ उत्तर पानावर असणे, हे मजकूर लेखनाचे निम्मे शास्त्र होय.

महाजालावरील वाचक पुस्तकाच्या वाचकासारखा निवांत नसतो. याकोब नील्सन या अभ्यासकाने १९९७ मध्येच दाखवून दिले, की पाहणीतील ७९ टक्के वाचक नवे पान केवळ नजरेखालून घालीत होते. शब्दन् शब्द वाचणारे अवघे १६ टक्के होते. म्हणून महत्त्वाची गोष्ट पहिल्या परिच्छेदात यावी, परिच्छेद आटोपशीर असावेत, आणि उपशीर्षकांवरून नजर फिरविली तरी पानाचा आशय ध्यानी यावा.

प्रत्येक पानास स्वतःचे शीर्षक असते. शोधयादीत निळ्या ओळीत जे दिसते ते बहुधा हेच. आपल्याकडील बहुतेक पानांचे शीर्षक ‘मुखपृष्ठ’ एवढेच असते. ‘मराठी वाचनालय, रावपुरा, वडोदरा : वेळ व वर्गणी’ असे शीर्षक दिले तर शोधणारा नेमका तेथेच बोट ठेवील. शीर्षक फार लांबले तर ते तोडून दाखविले जाते. म्हणून कामाचे शब्द आधी असावेत.

एका गावाची तीन नावे

महाराष्ट्राबाहेरील आपल्या कुटुंबांची एक विशेष अडचण आहे आणि तीच योग्य वापर केल्यास आपली जमेची बाजू ठरते. घरातील वडीलधारे ‘बडोदे’ म्हणतात, कोणी ‘बडोदा’, तर नवी पिढी ‘वडोदरा’. बेळगावचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले; आपल्या तोंडी मात्र बेळगावच आहे. जिन्नसांचेही तसेच. आपली करंजी गुजराती शेजारणीचा घूघरा होते आणि इंदूर-ग्वाल्हेरकडे तिची बहीण गुजिया म्हणून ओळखली जाते. चकली गुजरातेत चकरी होते. शोधयंत्रांस असे पर्याय पुष्कळदा कळतात, पण दर वेळी कळतीलच असे नाही. तेव्हा ‘करंजी, ज्यास गुजरातीत घूघरा म्हणतात’ असे एकदा सहज ओघात लिहून टाकावे. वाचकास खटकत नाही आणि सूचीत दोन्ही शब्दांची नोंद होते.

गिऱ्हाईक बहुभाषिक असेल तर प्रत्येक भाषेसाठी निराळे पान करावे आणि ती पाने एकमेकांस दुव्यांनी जोडावीत. एकाच पानात तीन भाषांची खिचडी केली, तर कोणालाही आपला घास नीट वेचता येत नाही. यंत्राकडून करविलेले भाषांतर तपासल्याखेरीज छापू नये. शेजारच्या गुजराती वा तेलुगू भगिनीस ते एकदा वाचावयास द्यावे. ती दहा मिनिटांत जे दाखवून देईल ते कोणतेही साधन दाखविणार नाही.

मराठी पानाच्या अंतर्गत संकेतात भाषा मराठी असल्याची खूण करावयास कारागिरास आवर्जून सांगावे. ती असली म्हणजे त्या सोयीच्या फॉन्टात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न उमटता आपल्या शाळेत गिरविलेल्या वळणाचे उमटतात, आणि वाचून दाखविणारे यंत्र मराठी उच्चार निवडते.

बांधणी : कोणाच्या नावावर?

संकेतस्थळाची बांधणी घरासारखीच असते. ‘डोमेन’ म्हणजे पत्ता, ‘होस्टिंग’ म्हणजे जागा, आणि त्यावर उभी राहते ती इमारत. इमारतीसाठी २००३ मध्ये निघालेल्या ‘वर्डप्रेस’सारख्या तयार प्रणाली आहेत, त्यांत मजकूर बदलण्यास दर वेळी कारागिरास बोलवावे लागत नाही. लहान संस्थेस एवढे पुरते.

परंतु खरी गोम पत्त्यात आहे. संस्थेचे डोमेन एखाद्या उत्साही तरुणाने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून घेतलेले असते. तो नोकरीनिमित्त परगावी जातो. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते व मुदत उलटते. सवलतीचा काळही संपला म्हणजे तो पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो. मग पंचवीस वर्षांच्या पत्रिकांवर छापलेल्या आपल्या पत्त्यावर एखादे दिवशी भलताच मजकूर दिसू लागतो. हे टाळणे अवघड नाही. डोमेन संस्थेच्या नावावर व संस्थेच्या ईमेलवर घ्यावे. परवलीचे शब्द दोन पदाधिकाऱ्यांपाशी असावेत. नूतनीकरणाची तारीख हिशेबाच्या वहीत लिहावी आणि पदाधिकारी बदलताना किल्ल्यांबरोबर हेही हाती द्यावे. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्ताही घेता येतो; हौसेने घ्यावा, मात्र सोबत रोमन पत्ताही ठेवावा, कारण अनेक ठिकाणी अद्याप तोच चालतो.

बहुतेक लोक पान मोबाइलवर पाहतात, म्हणून तयार झालेले काम कारागिराच्या मोठ्या पडद्यावर न तपासता आपल्या मोबाइलवर तपासावे. मोबाइलने काढलेले छायाचित्र कित्येक मेगाबाइट भरते. ते लहान करूनच पानावर चढवावे. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असल्याची खात्री करावी. २०१८ च्या जुलैपासून क्रोम हे न्याहाळक ही सोय नसलेल्या स्थळास ‘असुरक्षित’ असा शेरा देते, आणि तो पाहून नवखा माणूस दारातूनच परततो.

सभासदांचे दूरध्वनी, जन्मतारखा व घरचे पत्ते यांची यादी मात्र उघड्यावर ठेवू नये. घरून व्यवसाय करणाऱ्या भगिनींनाही घराचा संपूर्ण पत्ता देण्याचे बंधन नाही. गूगलच्या नकाशावर व्यवसायाची विनामूल्य नोंद करताना पत्ता झाकून केवळ सेवेचा परिसर दाखविता येतो. ही नोंद प्रत्येकाने करावी. नाव, वेळ व दूरध्वनी तेथे आणि संकेतस्थळावर तंतोतंत सारखे असावेत.

पहिल्या क्रमांकाची हमी

‘महिन्याभरात तुम्हांस गूगलवर पहिल्या क्रमांकावर आणतो’ अशी हमी देणारे दूरध्वनी येतात. क्रमवारी विकत देण्याचा अधिकार त्यांपैकी कोणासही नाही. पैसे भरून जी वर दिसते ती जाहिरात असते आणि तिच्यावर तशी खूण असते. या मंडळींच्या युक्त्याही बहुधा शिळ्या असतात. पानाच्या पोटात शब्दांची लपविलेली यादी ठेवण्याचा तोडगा गूगल क्रमवारीसाठी विचारात घेत नसल्याचे त्याने २००९ मध्येच जाहीर केले. २०११ साली उथळ मजकुरावर आणि २०१२ साली विकतच्या दुव्यांवर त्याने चाप लावला. २०२४ च्या मार्चमध्ये, केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्ध नियम केला. मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने. फसवी शिफारस उघडी पडली की स्थळ मोडते, हा न्याय येथेही आहे.

खरी शिफारस मिळविण्याचे मार्ग आपल्या जवळच असतात. शहरातील दुसरे मंडळ, मुले शिकतात ती शाळा, कार्यक्रमाची बातमी देणारे स्थानिक वृत्तपत्र, परस्परांचे सहकार्य असलेली वाचनालये यांना आपल्या पानाचा दुवा देण्याची विनंती करावी. आपणही त्यांचा द्यावा. आणि दुवा द्यावासा वाटेल असे काही आपल्या पानावर असावे. वाचनालयातील दुर्मीळ पुस्तकांची यादी, आपल्या गावातील मराठी वस्तीचा इतिहास, घराण्यातील पाककृती. अशी माहिती जगात दुसऱ्या कोणाजवळ नसते. २०२४ च्या ऑगस्टपासून गूगल भारतातही काही प्रश्नांना पानांच्या यादीच्या वर यंत्राने रचलेले सारांशरूप उत्तर देऊ लागले. ते उत्तरही कोणाच्या तरी पानांतूनच वेचलेले असते. ग्वाल्हेरच्या मराठी घरातील चालीरीती ग्वाल्हेरच्या माणसाने लिहून ठेवल्या नाहीत, तर यंत्र त्याविषयी गप्प तरी बसेल किंवा ऐकीव काही सांगेल.

या महिन्यात काय करावे

सारे एकदम होत नाही. कामाचा क्रम ठरवावा. पहिल्या आठवड्यात डोमेन कोणाच्या नावावर आहे हे पाहावे. दुसऱ्यात युनिकोडाची परीक्षा घ्यावी आणि चित्रांतील मजकूर टंकून काढावा. तिसऱ्यात पानांची शीर्षके व पहिले परिच्छेद सुधारावेत. चौथ्यात नकाशावरील नोंद करावी आणि ‘गूगल सर्च कन्सोल’ या विनामूल्य साधनाशी आपले स्थळ जोडावे. लोक कोणते शब्द टाकून आपल्यापर्यंत आले हे तेथे कळते, व पुढील मजकुरास विषय मिळतात. फळ दिसण्यास काही आठवडे, प्रसंगी महिने लागतात. पेरल्या दिवशी उकरून पाहू नये. दिवाळीच्या मागणीसाठी दर वर्षी नवे पान न करता जुन्याच पानावरील तारखा व दर बदलावेत, म्हणजे त्या पानाने मिळविलेल्या शिफारशी वाया जात नाहीत.

बोर्डेन यांच्या काळी पुस्तकांची पेटी गावी पोहोचली, की ती उघडून यादी लावणारा एक माणूस तेथे लागे. आपल्या मंडळात आज त्या माणसाची जागा रिकामी आहे. ती भरण्यास मोठी विद्या नको; मराठी नीट टंकता येणारी एक व्यक्ती आणि आठवड्यातील एक तास पुरे. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हे काम कोणाकडे सोपवावयाचे, एवढा एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर अवश्य घालावा.